संगणक कक्षाचे कुलूप आधी उघडा!

सीमाभागातील मराठी शाळांचे वार्षिक अहवाल वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्यातला क्रम पाठ झाला असेल. स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, दहावीचा निकाल, देणगीदारांची नामावली आणि मग एक ठरलेले वाक्य : 'शाळेत सुसज्ज संगणक कक्ष आहे.' या वाक्यातला एकही शब्द खोटा नसतो. कक्ष असतो. कक्षात संगणक असतात, त्यांवर प्लॅस्टिकची आच्छादने असतात, भिंतीवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी असते आणि दाराला कुलूप असते. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. हे कुलूप निघते ते तपासणीच्या दिवशी, पाहुणे आल्यावर, नाही तर कार्यालयाला कसली तरी माहिती ऑनलाइन भरायची घाई असते तेव्हा. मुलांसाठी निघालेच तर आठवड्यातून एकदा, तेही वीज असेल आणि सर मोकळे असतील तर!

याला अपवाद आहेत. स्वतःच्या खिशातून इंटरनेटचे पैसे भरणारे, सुटीच्या दिवशी मुलांना बोलावून शिकवणारे शिक्षक बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आहेत. हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही. किंबहुना त्यांना एकटे पाडणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आहे, आणि त्या व्यवस्थेत आपल्या संस्था, आपली मंडळे आणि आपली जुनी घराणी सर्वच येतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिलीपासून दहावीपर्यंत, इयत्तावार आणि मराठीतून संगणक शिकवणे हा आता मराठी शाळा टिकण्याचा प्रश्न झाला आहे. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळायचा, सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेल्या दाव्याची तारीख विचारायची, आणि जूनमध्ये नातवाला इंग्रजी माध्यमात घालायचे, असा प्रकार घरोघरी चालला आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : "तिकडे कॉम्प्युटर शिकवतात हो!" या एका वाक्याने मराठी शाळांचे जेवढे वर्ग रिकामे केले, तेवढे कोणत्याही सरकारी आदेशाने केले नसतील.

वहीतला संगणक

मुळात आपल्या शाळांत संगणकाच्या नावाखाली काय चालते ते पाहू. फळ्यावर संगणकाची आकृती काढली जाते. बाणांनी भाग दाखवले जातात. 'संगणकाचा मेंदू कशास म्हणतात?' या प्रश्नाचे उत्तर वहीत उतरवले जाते. माऊस हे माहिती आत देणारे साधन आहे आणि प्रिंटर हे बाहेर देणारे, हे मुले पाठ करतात. माऊस हातात धरण्याची पाळी मात्र चाळीस जणांत एखाद्याची येते. पोहण्याचे नियम पाठ करून कोणी विहिरीत तरंगत नाही, हे ज्या खेड्यातल्या शिक्षकाला पक्के ठाऊक असते, तोच संगणकाचा तास वहीत घेतो! त्याचा तरी दोष किती? तो भूगोलाचा शिक्षक, संगणकाचा तास त्याच्या गळ्यात टाकलेला, प्रशिक्षण चार दिवसांचे आणि यंत्र बिघडले तर दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे याचा पत्ता नाही.

हा घोळ आजचा नाही. केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेचा पहिला मोठा प्रयोग १९८४-८५ मध्ये केला, तेव्हा इंग्लंडहून आलेले बीबीसी मायक्रो हे संगणक निवडक शाळांत बसवले होते. पुढे २००४ मध्ये शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली, २०१२ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. चाळीस वर्षे उलटली. शिक्षण मंत्रालयाच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. म्हणजे शंभरातल्या पस्तीस शाळांत ती अजून नाहीच. पण उरलेल्या पासष्टांत यंत्र आहे एवढेच हा आकडा सांगतो. त्या यंत्रासमोर मूल बसते की नाही, हे त्यात दिसत नाही.

नुसती यंत्रे देऊन काय होते याचा धडा परदेशातही मिळालेला आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. नंतर ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला तेव्हा गणित आणि भाषा या विषयांत त्या मुलांची काही प्रगती दिसली नाही. कारण उघड होते. यंत्र पोचले, पण शिक्षकाला त्याचे काय करायचे हे कोणी शिकवले नव्हते. आपण पेरूइतके पैसेही खर्च केलेले नाहीत, चूक मात्र तीच करतो आहोत.

आता आणखी एक लाट येत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. केंद्रीय मंडळाने २०१९ मध्ये नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच हा विषय आणण्याची घोषणा केली. आपल्या बहुतेक मराठी शाळा कर्नाटक राज्याच्या अभ्यासक्रमाच्या. त्यांच्यापर्यंत हे कधी आणि कोणत्या भाषेत पोचेल ते पोचेल. पण समोरच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेच्या फाटकावर त्याची रंगीत जाहिरात लागायला वेळ लागणार नाही. आणि आपला पालक ती वाचणार आहे!

'संगणकाला मराठी कळत नाही' म्हणे!

पालकांच्या मनातला खरा गैरसमज इथे आहे. संगणक म्हणजे इंग्रजी, म्हणून संगणक हवा तर इंग्रजी माध्यम हवे, असे हे गणित. ते सर्वस्वी चुकीचे आहे.

संगणकाला ना इंग्रजी कळते ना मराठी. त्याला आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि तो जगभर एकच ठेवायचा, या युनिकोडच्या तत्त्वावर आज संगणक आणि मोबाईल चालतात, आणि देवनागरी त्या यादीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. प्रोग्रॅमिंगचे म्हणाल तर शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या पायथन या भाषेत राखीव इंग्रजी शब्द अवघे ३५ आहेत. इफ, एल्स, व्हाइल यांसारखे हे शब्द मराठी शाळेतले मूल एका आठवड्यात शिकते. बाकी सगळा विचार असतो, आणि विचार ज्या भाषेत सर्वांत स्वच्छ होतो त्याच भाषेत तो शिकवावा लागतो. 'जर पाऊस पडला तर छत्री घे, नाहीतर टोपी घाल' हे वाक्य ज्या मुलाला कळले, त्याला प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा कळला.

आता कळफलकाचे पाहा. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळफलकाची मांडणी १९८६ मध्ये सरकारी पुढाकाराने तयार झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. विंडोज असो की लिनक्स, ही मांडणी संगणकात आधीपासूनच असते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी ती साधी रचना. शिफ्टसह एन दाबले की 'ळ', शिफ्टसह जे दाबले की 'दुसऱ्या'तला 'ऱ'. आणि सीमाभागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे : ही मांडणी सर्व भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखी आहे. ज्या कळीवर मराठीचा 'क', त्याच कळीवर कन्नडचा 'क'. आपल्या मुलांना कन्नड शिकावे लागते, आणि नोकरीधंद्यासाठी ते यावेही. मराठीतून इनस्क्रिप्ट शिकलेल्या मुलाची बोटे कन्नडसाठी निम्मी तयार झालेली असतात. एका कष्टात दोन भाषा! कर्नाटक सरकारच्या दप्तरात वेगळी मांडणी प्रचलित आहे हे खरे. पण ज्याची बोटे एका मांडणीला सरावली, त्याला दुसरी अवघड नाही.

असे असताना आपली मुले करतात काय? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. कॉलेजात गेलेल्या मुलालाही मोठा मराठी मजकूर टंकित करता येत नाही. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर येथे साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंड्या निघतात. साऱ्या सीमाभागाला अभिमान वाटावा अशीच ही परंपरा आहे. पण संमेलनाच्या पत्रिकेचा मजकूर टाईप करायला आपण डीटीपीच्या दुकानात जातो, आणि तिथे तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होतो. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते. अशा किती स्मरणिका, किती अध्यक्षीय भाषणे आज कोणाच्या तरी बंद पडलेल्या संगणकात अडकून पडली आहेत! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेत चार ओळी टंकता येणारी मुले किती, हे मात्र कोणी मोजले नाही.

शेजाऱ्याकडून शिकायला लाज कसली?

आपले भांडण सरकारी सक्तीशी आहे, कन्नड भाषेशी नाही. म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागेल. संगणकाच्या बाबतीत कन्नड मंडळी वेळेवर जागी झाली. के. पी. राव यांनी कन्नडसाठी कळफलकाची सोपी मांडणी तयार केली. कन्नड गणक परिषदेने 'नुडी' हे सॉफ्टवेअर केले आणि सरकारी कार्यालयांत ते रुजले. पूर्णचंद्र तेजस्वींसारखा थोर लेखक कन्नड सॉफ्टवेअरसाठी आग्रह धरून उभा राहिला. 'भूमी' योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर आले ते कन्नडमध्ये आले. आपण त्यावर निवेदने दिली, मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. पण त्यांच्याकडे आंदोलनाबरोबर काम करून दाखवणारी माणसे होती.

आपल्याकडे माणसे नाहीत असे थोडेच आहे? भारतीय भाषांसाठी मोलाचे काम करणारी सी-डॅक ही संस्था १९८८ पासून पुण्यात आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध झाला. शाळेतल्या मुलांसाठी इयत्तावार संगणकाची पुस्तके तयार करण्याचे काम मुंबईच्या आयआयटीत झाले. त्याच आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात संगणकाचे धडे मराठी निवेदनासह फुकट मिळतात. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ही सॉफ्टवेअर मराठीत फुकट उपलब्ध आहेत. एवढेच कशाला, साऱ्या कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावात, माच्छेजवळ उभे आहे! तिथल्या फाटकावरून जाणारी बस मराठी मुलांना घेऊन शाळेत जाते, आणि त्या मुलांनी माऊस हातात धरलेला नसतो. सामग्री घरात भरून ठेवलेली आहे, चूल पेटवायला कोणी तयार नाही.

आणि केरळचे उदाहरण तर आपण कर्नाटक सरकारपुढेच ठेवायला हवे. केरळने २००१ मध्ये शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाचा प्रकल्प सुरू केला. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, फुकट मिळणारी मुक्त सॉफ्टवेअर वापरली, आणि विषय दहावीच्या परीक्षेपर्यंत नेला. २०१८ पासून तिथल्या शाळांत 'लिटल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे आहेत, जी शाळेतली यंत्रे सांभाळायलाही मदत करतात. पण आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की कासरगोडच्या कन्नड अल्पसंख्य मुलांना केरळ सरकार संगणकाचे पाठ्यपुस्तक कन्नडमधून देते. कन्नड मुलाला केरळात जे मिळते, ते मराठी मुलाला कर्नाटकात का मिळू नये? कर्नाटकात मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापली जातात. मग संगणकाचे पुस्तक, शिक्षकाची हस्तपुस्तिका आणि प्रशिक्षणही मराठीतून, वेळेवर मिळायला हवे. राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करायला सांगते. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, म्हणजे ज्या वर्षी आपण म्हैसूर राज्यात ढकललो गेलो त्याच वर्षी. त्या कलमात गणित आले, विज्ञान आले, आणि संगणक तेवढा बाहेर राहिला, असे कुठेही लिहिलेले नाही.

कोणत्या इयत्तेत काय?

नुसती टीका करून भागणार नाही. म्हणून आमच्या मते कोणत्या वयात काय शिकवावे याचा आराखडा मांडतो. शिक्षणतज्ज्ञांनी त्यात जरूर दुरुस्ती करावी.

पहिली-दुसरीला यंत्राची गरजच नाही. जमिनीवर खडूने चौकटी आखाव्यात. एका मुलाने 'दोन घरे पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे' असे सांगावे आणि दुसऱ्याने तसेच चालावे. सूचना चुकली की माणूस चुकीच्या घरात जातो, हे कळणे म्हणजे संगणकशास्त्राचा श्रीगणेशा. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात असे यंत्राविना शिकवण्याचे कितीतरी खेळ तयार केले आणि ते जगभर वापरले जातात. याला खर्च खडूचा.

तिसरी-चौथीला मूल संगणकासमोर बसावे. चित्र काढावे, माऊसवर हात बसावा, आणि मराठी कळफलकाची सुरुवात व्हावी. रोज पाच ओळी. १, २, ४, ८, १६ अशा पाच पत्त्यांनी ० ते ३१ पर्यंतचा कोणताही आकडा कसा मांडायचा, हा खेळ याच वयात रंगतो आणि संगणकाचे गणित हसतखेळत कळते.

पाचवी ते सातवी हा पायाभरणीचा काळ. मजकूर लिहून नाव देऊन जतन करणे, पुन्हा शोधणे, तक्ता करणे. तक्त्यासाठी खोटे आकडे कशाला? शाळेची हजेरी, दुपारच्या जेवणाचा तांदूळ, गावातला पाऊस हेच आकडे घ्यावेत. अमेरिकेतील एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठी आणलेले स्क्रॅच हे फुकट साधन याच वयासाठी आहे. पासवर्ड म्हणजे काय आणि तो कोणाला का सांगायचा नाही, हेही इथेच शिकवावे. इंग्रजी टंकलेखनही याच टप्प्यावर यावे, कारण इंग्रजीला आमचा विरोध नाही.

आठवी ते दहावीला थोडे पायथन, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माहिती पारखण्याची सवय. मोबाईलवर आलेले प्रत्येक वाक्य खरे नसते. कृत्रिम बुद्धिमत्ता ठामपणे चुकीचे उत्तर देऊ शकते. आपल्या गावाचा इतिहास तिला मराठीत विचारावा आणि गावातल्या वडीलधाऱ्यांकडून, वाचनालयातल्या पुस्तकांतून तो पडताळून पाहावा. यापेक्षा चांगला धडा नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. दहावीच्या वर्गाने आपल्या गावाचा लेख तिथे वाचावा आणि आधार देऊन सुधारावा. सीमाभागातली गावे जगाला मराठीतून दिसतील ती अशाने.

'मोबाईल आहे की सगळ्यांकडे!'

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुलांना मोबाईल आपल्यापेक्षा चांगला येतो, मग शिकवायचे काय? 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीचे उत्तर ऐका. १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणासाठी ५७ टक्क्यांनी केला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. बोट फिरवता येणे वेगळे आणि काम करता येणे वेगळे. घरी शिकतील म्हणावे, तर २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली ग्रामीण घरे अवघी ४.४ टक्के होती. घरी नाही आणि शाळेत कुलूपबंद, मग शिकायचे कुठे?

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो, म्हणून याचे परिणाम रोज पाहतो. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. मूल आईबरोबर येते. ईमेल कोणाचा? ऑनलाइन सेंटरवाल्याचा. पासवर्ड? त्याच्या वहीत. ओटीपी आला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, हेच त्याला शिकवले गेलेले! शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक वेळा नावावरून. 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठी पद्धतीने इंग्रजीत डी-एन-वाय ने सुरू होते, कन्नडवरून इंग्रजीत गेले की जे-एन ने. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. दहावी झालेल्या मुलाला आपला अर्ज स्वतः उघडून, नावे जुळवून पाहता आली असती तर महिनेच्या महिने वाचले असते. त्या मुलाच्या शाळेतही संगणक कक्ष आहे, आणि तो सुसज्जही आहे.

हिशेब मांडून पाहू

पैसे नाहीत, ही सबब आम्हाला पटत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब मांडतो. पहिली ते दहावी, एकेक तुकडी, प्रत्येकीला आठवड्याला दोन तास. झाले वीस तास. आठवड्याचे वेळापत्रक साधारण चाळीस तासांचे. म्हणजे एक खोली आणि एक शिक्षक पुरून उरतो. वर्गात चाळीस मुले आणि दहा संगणक असतील तर निम्मा वर्ग कळफलकावर दोघे-दोघे बसेल, उरलेला निम्मा वहीत आकृती आखेल किंवा पत्त्यांचा खेळ खेळेल. जुने संगणक असतील तर त्यांवर हलके लिनक्स चालते. कमी आहे ती फक्त शिक्षकाच्या पगाराची.

इथे जुन्या घराण्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. आपण शाळेला संगणक देता, पाटी लागते, फोटो येतो. तीन वर्षांनी यंत्र भंगारात जाते, पाटी तेवढी राहते. यापुढे यंत्र देऊ नका, शिक्षक द्या. पाच-दहा घराण्यांनी मिळून एका शिक्षकाचा पगार पाच वर्षांसाठी उचलावा. शेजारच्या दोन शाळांनी तो वाटून घ्यावा. दुरुस्तीसाठी वेगळी ठेव ठेवावी. आणि ज्यांची मुले पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहेत, त्यांतले कितीतरी याच मराठी शाळांच्या बाकांवर बसून गेले आहेत. गणपतीला घरी आल्यावर दोन सकाळी शाळेत जाऊन बसायला त्यांना सांगा. आजोबांनी सांगितले तर नाही म्हणणार नाहीत.

संस्थाचालकांना आमची मागणी चार कलमांची आहे. संगणकाचा तास वेळापत्रकात छापावा आणि तो दुसऱ्या विषयाला देऊ नये. कक्षाची किल्ली शिक्षकाकडे राहावी, आणि यंत्र मुलाच्या हातून बिघडले तर मुलाला शिक्षा होऊ नये. चौथी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला मराठीत दहा ओळी न पाहता टंकता याव्यात. वार्षिक अहवालात 'सुसज्ज कक्ष' हे वाक्य काढून टाकावे आणि त्या जागी प्रत्येक इयत्तेने वर्षभरात प्रत्यक्ष किती तास संगणकावर काम केले तो आकडा द्यावा. हा आकडा आपण पालकांच्या सभेत विचारलाच पाहिजे. नेत्यांनीही निवेदनांत एक ओळ वाढवावी : मराठीतून संगणकाचे पाठ्यपुस्तक आणि मराठीतून शिक्षक-प्रशिक्षण.

येळ्ळूरचा फलक २०१४ च्या जुलैमध्ये सरकारने उतरवला. त्याचा राग आपल्या मनात आहे आणि तो राहणारच. पण मुलांच्या समोरच्या पडद्यावरची मराठी कोणी उतरवलेली नाही. तिथे ती आपण चढवलेलीच नाही. त्यासाठी न्यायालयाची तारीख लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. जून महिना दूर नाही. शाळा उघडण्याआधी प्रत्येक गावातल्या चार जाणत्यांनी मुख्याध्यापकांकडे जावे आणि नम्रपणे विचारावे : सर, किल्ली कुठे आहे?